व्हिएतनामच्या आधी वाघोडिया रोड?

पत्र बडोद्याहून, दांडिया बाजार भागातून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या. बँकेत २९ वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी नोकरीनिमित्त पुण्यात, यजमानांचं स्वतःचं दुकान. आता काहीतरी मनासारखं करावं म्हणून त्यांनी अहमदाबादच्या एका एजन्सीमार्फत व्हिएतनाममध्ये, दा नांग शहराजवळ, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या शाळेत आठ आठवडे स्वयंसेवक म्हणून जायचं ठरवलं आहे. १ ऑगस्टला निघायचं. राहणं-जेवण धरून खर्च २ लाख ४० हजार रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. २५ हजार भरून जागा धरली आहे, बाकीचे या महिनाअखेर भरायचे आहेत.

यजमान म्हणतात, "फुकट राबायचं आणि वर पैसेही आपणच भरायचे, हा कुठला हिशेब?" मुलगी म्हणते, "आई, तू जा गं बिनधास्त." आणि बडोद्यातच वाघोडिया रोडला राहणाऱ्या नणंद, ज्यांचा १७ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, गेल्या भाऊबीजेला चारचौघांत म्हणाल्या, "वहिनी, व्हिएतनामला जायचं ठरवताय, पण वाघोडिया रोडला यायला तुम्हाला कधी रिक्षा मिळाली नाही." ते वाक्य ताईंच्या मनातून जात नाही. त्या विचारतात, "सेवा कुठेही केली तरी सेवाच ना? ही देवाची लेकरं. त्यांच्यासाठी भाषा लागतेच असं नाही, प्रेम पुरतं. की या वयात हे खूळ सोडून द्यावं?"

पत्राला ताजा कलम आहे: "चार वर्षांपूर्वी आमच्या गणपतीत आरती चालू असताना भाच्याने माझ्या हातातलं तबक उडवलं, माझा हात भाजला. त्यानंतर मी त्याच्याबरोबर एकटी कधी थांबले नाही. याचा इथे काही संबंध नाही, सहज लिहिलं."

ताई,

यजमानांच्या हिशेबापासून सुरुवात करते, कारण तो सोपा आहे. २ लाख ४० हजार भागिले आठ, म्हणजे आठवड्याला ३० हजार. स्वयंसेवकाने आपला खर्च आपण उचलावा यात वावगं काही नाही. आधीच ओढाताण असलेल्या शाळेवर आपल्या दोन वेळच्या जेवणाचा भार कशाला टाकायचा? पण एजन्सीला एक विचाराच, की या ३० हजारांतले शाळेच्या हातात किती पडतात. उत्तर आकड्यात मागा. "आमचा तिथला माणूस सगळं बघतो" हे उत्तर नव्हे. कर्जाच्या अर्जावरचं गोलमोल उत्पन्न ओळखण्यात तुमची २९ वर्षं गेली, तेव्हा हे मी तुम्हाला काय शिकवणार.

पैशांच्या एवढं मागे लागण्याला कारण आहे. नेपाळ आणि कंबोडियात परदेशी पाहुणे पैसे भरून अनाथाश्रमांत मुलांना भेटायला येऊ लागले, तशी आईबाप हयात असलेली मुलंही तिथे आणून ठेवली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला तेव्हा या प्रकाराचीही दखल घ्यावी लागली. तुमची शाळा त्यातली आहे असं मी मुळीच म्हणत नाही, आणि शाळा म्हणजे अनाथाश्रमही नव्हे. पण जिथे पाहुणा हाच गिऱ्हाईक होतो तिथे मुलाची सोय मागे पडायला वेळ लागत नाही. तुम्ही जोडलेलं माहितीपत्रक मी पाहिलं. पाच-सहा वर्षांची गोड मुलं, रंगीत ठोकळे, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसतायत. जाहिरातीवर मुलांचे चेहरे छापणारी संस्था मला पहिल्याच पानावर खटकते.

आता तुमचं ते वाक्य, की प्रेम पुरतं. ताई, नाही पुरत.

मी स्वतः २६ वर्षं इथल्याच एका विशेष शाळेत शिकवलं. एका वर्षी आमच्याकडे परदेशातून एक मुलगी तीन महिन्यांसाठी आली. गुणी पोर. डोकं शांत, कामाला वाघ. आमच्या एका नऊ वर्षांच्या मुलाला तिने चित्राचं कार्ड देऊन वस्तू मागायला शिकवलं. पाणी हवं तर पाण्याचं कार्ड समोरच्याच्या हातात ठेवायचं, झोका हवा तर झोक्याचं. अमेरिकेत डेलावेअरमध्ये १९८५ साली निघालेली ही पद्धत आज जगभर वापरतात. पाण्यासाठी भिंतीवर डोकं आपटणारा मुलगा कार्ड द्यायला लागला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. मग तिचे तीन महिने संपले. हार झाले, फोटो झाले, रडारड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुलगा फाटकाशी जाऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशीही. आणि कार्डांचं काय झालं? ती कार्डं ती एका लाल पिशवीतून काढायची. पिशवी तिच्याबरोबर गेली. आमच्या निळ्या डब्यातून काढलेलं तेच कार्ड त्याच्या लेखी कार्डच नव्हतं. तो परत भिंतीपाशी. शेवटी आमच्यातल्या एक बाई मंगळ बाजार पालथा घालून तशी लाल पिशवी घेऊन आल्या. तरीही गाडी रुळावर यायला दिवाळी उजाडली.

यात त्या मुलीची चूक नव्हती, आमची होती. त्या पद्धतीतच पुढच्या पायरीला माणसं बदलून, जागा बदलून सराव घ्यायला सांगितलेलं आहे, म्हणजे शिकलेली गोष्ट एकाच माणसाला चिकटून राहत नाही. दोघांचं फार छान जमलंय म्हणून आम्ही ती पायरी गाळली. आम्हालाही बघायला बरं वाटत होतं ना!

'स्वमग्न' हा शब्द माझ्या कधीच पचनी पडला नाही. मूल आपल्यातच रमलंय, मायेने हाक मारली की बाहेर येईल, असं काहीतरी त्या शब्दातून सुचतं. प्रत्यक्षात कितीतरी मुलांच्या बाबतीत बाहेरचं जग त्यांच्यावर जरा जास्तच आदळत असतं. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचं फडफडणं, शर्टाच्या मागची चिठ्ठी, कोणाच्या तरी अत्तराचा वास, हे आपण गाळून टाकतो तसं त्यांना टाकता येत नाही. मग एकसारखेपणाचा आधार लागतो. तोच रस्ता, तीच ताटली, तोच माणूस त्याच वेळी. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ११ मुलांवर लेख लिहिला, तिथून ऑटिझमचा अभ्यास सुरू झाला असं मानतात. त्या पहिल्या लेखातही एकसारखेपणाची ही ओढ नोंदवलेली आहे. अशा मुलाच्या दिवसात एक नवं माणूस येणं हे मोठं काम असतं आणि जाणं त्याहून मोठं. आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात पहिले तीन तुम्हाला ओळखण्यात जातील आणि शेवटचे दोन निरोपाच्या तयारीत, तेही शाळा शहाणी असेल तर. त्याच खुर्चीवर १ ऑक्टोबरला दुसरी ताई.

म्हणून परदेशी असो की देशी, स्वयंसेवेचा विचार करणाऱ्या सगळ्यांना मी हेच विचारते, की तुम्ही गेल्यानंतर त्या मुलाचं काय राहील? उत्तर चांगलं निघालं तर खुशाल जावं.

आमच्या शाळेत प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका यायचे. दर गुरुवारी, साडेदहाला, हातात तीच पत्र्याची पेटी. झोक्याच्या कड्यांना तेल घालायचे, करकरणारी दारं दुरुस्त करायचे, टेबलाचे कोपरे घासून गोल करायचे. मुलांशी फारसं बोलायचे नाहीत. शिकवलं तर काहीच नाही. पण आमच्या चित्रांच्या वेळापत्रकावर गुरुवारच्या रकान्यात त्यांच्या पेटीचं चित्र होतं. अकरा वर्षं. दार करकरायचं थांबलं म्हणून वर्गात बसू लागलेला एक मुलगा मला आठवतो. मी त्या मुलावर सहा महिने घालवले होते, दाराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

भाषेचं म्हणाल तर, व्हिएतनामी भाषेत सूर सहा. एकच 'मा' हा उच्चार सूर बदलला की भूत होतो, आई होतो, 'पण' होतो, थडगं होतो, घोडा होतो, भाताचं रोप होतो. जे मूल दोन वर्षं खपून चार शब्द मिळवतं, त्याच्यासमोर आपण चुकीच्या सुरात 'आई' म्हणायला जाऊन 'घोडा' म्हणत उभ्या राहणार. तुम्ही म्हणाल, खुणांनी बोलू. पण चेहऱ्यावरचे भाव आणि हातवारे वाचणं हेच तर यांतल्या कित्येकांना अवघड जातं.

आणखी एक. एजन्सीच्या कागदावर तुमच्या नावापुढे 'सहायक शिक्षिका' लिहिलंय, आठवड्याभराच्या ऑनलाइन तयारीनंतर. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. तिथे नोंदणी असल्याशिवाय कोणाला विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. मला स्वतःला त्यासाठी शिकावं लागलं, परीक्षा द्याव्या लागल्या. वडोदऱ्यात जे पद तुम्हाला कोणी देणार नाही ते समुद्रापलीकडे आठ दिवसांत मिळत असेल, तर तिथल्या मुलांना कमी चालतं असं कोणीतरी धरून चाललंय. तुम्ही तसं धरलेलं नाही, हे मला पत्रावरून कळतं. पण त्या खुर्चीत बसल्यावर तुमचाही त्यात हात लागतो.

'देवाची लेकरं' याबद्दल मात्र थोडं भांडते. ही लेकरं आईबापांची असतात. ती चावतात, कंटाळतात, खोड्या काढतात, काहींना आपण अजिबात आवडत नाही. आणि ती मोठी होतात. त्यांना मिसरूड फुटतं. सहा वर्षांच्या मुलाने हात झटकला की आपण कौतुकाने हसतो, तेरा वर्षांच्या उंचपुऱ्या मुलाने तोच हात झटकला की तबक उडतं.

तुमचा ताजा कलम मी तीनदा वाचला. 'याचा इथे काही संबंध नाही' असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, आहे. भीती वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही, हात भाजला की माणूस दुसऱ्यांदा जपूनच वागतो. पण त्या दिवसाकडे त्याच्या बाजूने एकदा बघू या. दांडिया बाजारातला जुना वाडा, माजघरात तीस माणसं, झांजा, टाळ, घंटा, उदबत्ती, कापूर, नवे कपडे, त्यात सगळे एका सुरात ओरडतायत. आपल्यासाठी तो वर्षातला सगळ्यात मंगल क्षण. त्याच्यासाठी ते कानात खिळे ठोकणं असेल. आणि त्या गदारोळात पेटता कापूर घेऊन जी व्यक्ती त्याच्या तोंडासमोर आली ती तुम्ही होतात. त्याने तुम्हाला मारलं नाही. तो तिथून बाहेर पडायला वाट शोधत होता. एरवीही आपल्या गावाला आवाजाचं व्यसनच आहे. उत्तरायणाला गच्चीगच्चीवर भोंगे, नवरात्रात नऊ रात्री गरबा. या घरांत ते दिवस कसे जातात हे कोणी विचारत नाही. कानावर आवाज अडवणारे हेडफोन चढवून, खिडक्या लावून, मुलाला गाडीत घालून रात्री हायवेवर फिरवणारे बाप मी पाहिलेत.

नणंदेच्या बोलण्याचं म्हणाल तर, ओवाळणीच्या ताटासमोर बोलायला नको होतं. लागलं असणारच. पण त्यांना तुमचं कारण ठाऊक आहे का? मला शंका आहे. वहिनी येत नाहीत एवढंच त्यांना दिसतं. आपल्या मुलापासून एकेक माणूस लांब जाताना त्या सतरा वर्षं बघत आल्यात, त्यात तुम्हीही एक, असा त्यांचा हिशेब झाला असेल. "मला तेव्हा भीती वाटली आणि अजून वाटते" हे वाक्य तुम्ही त्यांना म्हणालात तर मला नाही वाटत त्या रागावतील. अशा आयांना दया नको असते, पण घाबरल्याची सरळ कबुली बहुतेकींना समजते. त्यांनाही त्याची कधीतरी भीती वाटलेली असते.

एक धोका मात्र इथेच सांगून ठेवते. वाघोडिया रोड ही व्हिएतनामची तालीम नव्हे. "तिकडे जायच्या आधी जरा सराव" म्हणून त्या घरी जाणार असाल तर जाऊ नका.

जायचं असेल तर असं करा. नणंदेला फोन करून त्याचा दिवस कसा असतो ते विचारा. ज्या वेळी तो शांत असतो ती अर्ध्या तासाची वेळ मागून घ्या. आठवड्यातला वार ठरवा आणि तो मोडू नका. आपला एक फोटो आधी पाठवा, म्हणजे आज कोण येणार हे त्याला दाखवून ठेवता येईल. अत्तर नको, खळखळणाऱ्या बांगड्या नकोत, खाऊ नको. गेल्यावर त्याला हाका मारू नका, जवळ घेऊ नका, "ओळखलंस का मला?" तर अजिबात नको. दर वेळी त्याच खुर्चीत बसा, तो जे करत असेल ते त्याला करू द्या आणि तुम्ही आपलं आपण काहीतरी करा. तो गाड्यांची रांग लावत असेल तर तुम्ही भाजी निवडा. पहिल्या दोन महिन्यांत काही घडणार नाही. तुम्हाला कंटाळा येईल. येऊ द्या. एकटं थांबायचं मनातही आणू नका, नणंद घरात हवीच.

आणि आता तुमच्या बँकेकडे येते. भाचा डिसेंबरात १८ पूर्ण करतोय असं तुम्ही ओघात लिहिलंय. मायनर खात्याचं त्या दिवशी काय होतं हे तुमच्याहून चांगलं कोणाला माहीत? आईची पालक म्हणून असलेली सही त्या दिवसापासून चालत नाही. मूल मोठं झालं तरी आपण पालक आहोतच, असं जवळजवळ सगळे आईबाप समजून चालतात. कायद्याच्या लेखी तो आता सज्ञान. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती, गरज असेल तर, कायदेशीर पालक नेमते, आणि त्या प्रमाणपत्रावर बँकेने खातं उघडून द्यावं अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. पालकत्व घ्यायचं की नाही, कितपत घ्यायचं, मुलाला स्वतःला काय निर्णय घेता येतात, हाही विचार करायचा असतो. डोळे मिटून सही करायचा हा कागद नाही. पण निदान बसून विचार तरी व्हायला हवा. नणंदेकडे तो झालाय का?

यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत वैद्यकीय खर्चाचं संरक्षण मिळतं, तिथे नाव नोंदवलंय का? आयकरातली सवलत घेतात का? मेहुणे सरकारी नोकरीत असतील तर विकलांग मुलाला आयुष्यभर मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याचं नाव आत्ताच कागदावर आहे का? फ्लॅट नुसता मुलाच्या नावावर करून ठेवला तर उद्या त्याच्या वतीने व्यवहार करणार कोण? "आमच्यानंतर याचं काय?" हा प्रश्न घेऊन माझ्यापुढे इतके आईबाप रडलेत, आणि मला एफडीच्या नॉमिनीपलीकडे काही सांगता आलं नाही. मी मुलांना बुटाची नाडी बांधायला शिकवू शकत होते. बँकेतल्या चार ओळींचा फॉर्म मला भरता येत नव्हता. आमच्या शाळेला त्या २६ वर्षांत लाल पिशवीवाल्या मुली सात-आठ मिळाल्या. तुमच्यासारखी बाई एकही नाही.

तुम्ही चिडाल. "२९ वर्षं कागदच केले, आता पुन्हा कागद? मला माणसांत जायचंय." बरोबर आहे. ज्यातून सुटका करून घेतली त्यातच परत कोणी ढकलू नये. नको असेल तर सरळ नाही म्हणा, त्याने तुम्ही वाईट ठरत नाही. फक्त काउंटरच्या आतून बघितलेला कागद आणि त्या आईच्या शेजारी, बाहेरच्या बाकावर बसून बघितलेला कागद यांत फरक पडतो का, हे एकदा बघा. एकाच घरापुरतं. तेही जमलं नाही तर तुमची सुटका.

मग परदेशी जायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही. बडोद्यात राहून तसं म्हणणं शोभणारही नाही. सयाजीराव महाराजांनी आपल्या पैशांनी माणसं बाहेर धाडली. १९१३ साली आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं ते शिकायला, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची अट करारात होती. ते परत आले तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही, तो आपला डाग. पण अट मला आवडते. शिकायला जा, आणि कुठे परत यायचं ते ठरवून जा. 'सेवा करायला चाललेय' असं म्हटलं की आपण देणारे होतो आणि समोरचं मूल घेणारं. 'शिकायला चाललेय' म्हटलं की आपोआप मागच्या बाकावर बसतो, आणि परक्या शाळेत आपली जागा तीच.

त्यासाठी आधी दिल्ली जवळ आहे. ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था मेरी बरुआ यांनी १९९१ साली सुरू केली, त्या स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाच्या आई. पालकांसाठी आणि या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी तिथे प्रशिक्षणं होतात. परदेशच हवा असेल तर जिथे उलटा हिशेब आहे तिथे बघा. कार्ल कोनिग हे ऑस्ट्रियन डॉक्टर नाझींपासून जीव वाचवून स्कॉटलंडला आले आणि १९४० साली ॲबर्डीनजवळ त्यांनी कॅम्पहिलची सुरुवात केली. अशा वसाहतींत स्वयंसेवक साधारण वर्षभर राहतात, विशेष गरजा असलेल्यांबरोबर एका घरात जेवतात, भांडी घासतात, बागेत खपतात. राहणं-जेवण आणि थोडा हातखर्च संस्था देते. जर्मनीत २०११ पासून केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना आहे, तिला वयाची वरची मर्यादा नाही. मात्र थोडंफार जर्मन शिकून जावं लागतं. यजमानांना हे वाचून दाखवा, त्यांना बरं वाटेल. दोन्हीकडे महिने जास्त मागतात. भाषा मागतात. चौकशी कसून करतात. त्या कटकटी मुलांच्या भल्याच्या असतात.

'या वयात' वगैरे सोडा. पन्नाशीनंतरची माणसं मला या कामात जास्त आवडतात, त्यांना फोटोची घाई नसते.

व्हिसाकडे मात्र सगळ्यांनीच नीट बघावं, कारण मला येणाऱ्या अशा पत्रांपैकी निम्म्यांत 'एजंट म्हणाला टुरिस्ट व्हिसावर चालतं' असं असतं. अनेक देशांत चालत नाही, बिनपगारी कामही काम धरलं जातं. ब्रिटनचंच उदाहरण घ्या. तिथे पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्यापुढे वेगळा व्हिसा, तोही संस्थेने पुरस्कृत केला तरच, जास्तीत जास्त १२ महिन्यांचा. व्हिएतनामचं काय ते एजन्सीला न विचारता त्यांच्या वकिलातीला विचारा.

आणि शाळेशी एजन्सीला मध्ये न घेता एकदा व्हिडिओवर थेट बोला. त्यांनी तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं का? नसेल मागितलं तर तुमच्या आधी आलेल्यांकडेही मागितलं नसणार. मुलांसोबत तुम्ही एकट्या असाल का? नसायला हवं. मूल अनावर झालं की ते काय करतात? हात धरून दाबून बसवतात असं कळलं तर विषय संपला. मागच्या स्वयंसेवकाने काय केलं आणि त्यातलं आज काय चालू आहे? या प्रश्नाला मुख्याध्यापिका अडखळल्या तर समजून जा. आणि तुम्ही होऊन सांगा, की मला मुलांना शिकवायचं नाही, स्वयंपाकघरात, साहित्य बनवायला, हिशेबाला घ्या. चित्रकार्डं कापून, लॅमिनेट करून, मागे वेलक्रो लावून ठेवणं हे न संपणारं काम असतं, त्याला भाषा लागत नाही आणि तुम्ही गेल्यावर कार्डं तिथेच राहतात. यावर ते खूश झाले तर शाळा चांगली आहे. "पण मग तुम्हाला अनुभव काय मिळणार?" असं म्हणाले तर ती शाळा तुमच्यासाठी चालवलीय.

ही उत्तरं मिळेपर्यंत महिनाअखेरचे पैसे भरू नका. मुदत वाढवून मागा. नाही दिली तर २५ हजार बुडाले समजा. बँकवाल्या माणसाला हे जड जाईल, पण गेलेल्या पैशांच्या मागे बाकीचे २ लाख १५ हजार धाडू नयेत, हे तुम्हीच किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल.

एक तारखेला निघून आठ आठवडे म्हणजे यंदाचे गणपती तुमच्याशिवाय होणार, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? चार वर्षं भाचा तुमच्याकडे गणपतीला आलेला नाही, असा माझा अंदाज आहे. राहिलात तर, किंवा पुढच्या वर्षी, नणंदेला सांगा की दुपारी तीनला या, जेव्हा घरात कोणी नसतं. त्याला मूर्तीसमोर हवा तेवढा वेळ बसू दे. संध्याकाळपर्यंत थांबायचं त्यांच्या मनात असेल तर त्या दिवशीची आरती झांजा-टाळांशिवाय, हळू आवाजात आणि कापूर दूर ठेवून करायची. घरातल्या मंडळींना ते पटवायचं काम तुमचं, नणंदेकडे ते सोपवू नका.